किर्लोस्कर रोड आणि शेजारच्या पाट्या : देखाव्याच्या प्रकल्प नोंदी

१५ जून २०२५, रविवार

बेळगावातल्या आमच्या मंडळाचा यंदाचा गणपतीचा देखावा 'आपल्या रस्त्यांची नावं' या विषयावर करायचं बैठकीत ठरलं. हलता देखावा नको, यावर सगळ्यांचं एकमत; मोटरी, वायरी आणि रात्री बारा वाजता मेकॅनिक शोधायची कुणाचीच तयारी नाही. वाचायचा देखावा करायचा. तिन्ही बाजूंनी फलक, मध्ये दोन-तीन वस्तू. मराठी मजकूर माझ्याकडे आला. कन्नड मजकूर आमच्यातलीच एक मुलगी करणार. ती घरात मराठी, कॉलेजात कन्नड आणि मोबाईलवर तिसरंच काहीतरी बोलते, म्हणून तिला कुणी विरोध केला नाही. अध्यक्षांची अट एकच: "लाईन थांबता कामा नये. माणूस चालत चालत वाचील एवढंच लिवा की."

मुख्य फलक किर्लोस्कर रोडचा. वर्गणीचा मोठा वाटा त्या बाजूच्या दुकानांतून येतो हे एक कारण. बैठकीत ते कुणी बोललं नाही. दुसरं असं, की हे किर्लोस्कर कोण, असं विचारल्यावर बसल्या जागी तीन उत्तरं आली. म्हाताऱ्यांनी नाटकवाले सांगितलं, पोरांनी पंपवाले, आणि खजिनदार म्हणाले, "असंल कोण तरी कलेक्टर."

१८ जून

यादी काढायला बसलो. देवावरून पडलेली नावं सोपी: मारुती गल्ली, समादेवी गल्ली, कपिलेश्वर रोड. गावाला वेशी होत्या तेव्हाची बोगारवेस, काकतीवेस, गोवावेस. घराण्यांची पाटील गल्ली, देशपांडे गल्ली, कडोलकर गल्ली, अनसूरकर गल्ली. धंद्यांची बुरुड गल्ली, माळी गल्ली, गोंधळी गल्ली. वारांचा मात्र घोळ आहे. सोमवार, मंगळवार, शुक्रवार पेठ टिळकवाडीत, रविवार पेठ तिकडे घाऊक बाजारात आणि शनिवारचा तर नुसता खूट, म्हणजे चौक. कॅम्पात हाय स्ट्रीट.

किर्लोस्कर रोड यातल्या कुठल्याच ढिगात बसत नाही. चहूबाजूंनी गल्ल्या असताना हा एकटा 'रोड'. देव नाही, वेस नाही, वतनदार नाही.

२२ जून, रविवार

पोस्टातून निवृत्त झालेले अप्पा आज दोन तास बसले. मी विचारलं नव्हतं ते आधी सांगितलं, हे बरं झालं.

बेळगावात खडेबाजार दोन: एक शहरात, एक शहापुरात. नव्या पोरांना वाटतं एकाच रस्त्याचं दुसरं टोक असेल. अप्पा म्हणाले, "पत्रावर नुसतं 'खडेबाजार, बेळगाव' असलं की डोक्याला ताप. मग आडनाव बघायचं, दुकानाचं नाव बघायचं. साडीवाला दिसला की शहापूरच्या पिशवीत टाकायचं." पिनकोड आल्यावर हा ताप कमी झाला, शहापूरला ५९०००३ मिळाला. तो लिहायचा मात्र लोक अजून कंटाळा करतात.

दोन खडेबाजार कसे, याचं उत्तर राज्यकारभारात आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. किल्ल्याच्या पलीकडे त्यांची छावणी पडली. शहापूर मात्र सांगलीच्या पटवर्धनांचं राहिलं. म्हणजे आज रिक्षा ज्या अंतराला जेमतेम मीटर टाकते तेवढ्यात दोन सरकारं होती. विणकर, रंगारी, सराफ असा शहापूरचा व्यापार मोठा. दोन सरकारांची दोन गावं, प्रत्येक गावाला आपली बाजारपेठ, आणि दोघांचंही नाव खडेबाजार. १९४८ मध्ये सांगली संस्थान विलीन झालं, पुढे शहापूर बेळगावात मिसळलं. दोन्ही बाजारांनी आपापलं नाव ठेवलं. यावर वेगळा छोटा फलक करायचा. नकाशावर संस्थानाची हद्द जाड रेघेने दाखवायची. मजकूर दोनच ओळी.

अप्पांना किर्लोस्कर रोडबद्दलही विचारलं. "त्या रस्त्याचा पत्ता कधी चुकला नाही," म्हणाले. "मराठीत लिवा, कन्नडात लिवा, इंग्रजीत लिवा, तिन्हीत एकच नाव."

२९ जून, रविवार

आठवडाभर घरोघर निरोप दिला होता: जुना पत्ता छापलेला कुठलाही कागद आणा, फोटो काढून लगेच परत देतो. वाटलं त्यापेक्षा जास्त आले. लग्नपत्रिका, दुकानांची बिलं, शाळा सोडल्याचे दाखले, वर्गणीच्या पावत्या, एक तार, एका काकूंनी तर बारशाची पत्रिका आणली आणि बारसं कुणाचं ते सांगायला त्याच माणसाला बरोबर आणलं. नातवंडं झालेले गृहस्थ.

अडचण अशी की निम्म्या कागदांवर साल नाही. लग्नपत्रिकेवर शक असला तर अठ्ठ्याहत्तर मिळवून काम भागतं. शके १८७५च्या वैशाखातलं लग्न म्हणजे १९५३. पण बिलांवर, पावत्यांवर, लेटरहेडवर नुसता पत्ता. मग पत्त्यावरूनच काळ काढायची खूण तयार केली आणि तक्ता करून भिंतीला लावला, म्हणजे पोरं स्वतः कागद लावू शकतील.

सीमाभागात राहायचा हा एक फायदा म्हणा. आमचा पत्ता जागचा न हलता राज्यं बदलत गेला. 'मुंबई इलाखा' असेल तर कागद स्वातंत्र्याआधीचा धरायचा. 'मुंबई राज्य' असेल तर १९५६च्या ऑक्टोबरअखेरपर्यंतचा. १ नोव्हेंबर १९५६ला राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. १ नोव्हेंबर १९७३ला त्या राज्याचंच नाव कर्नाटक झालं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. म्हणून 'म्हैसूर राज्य' आणि पिन दोन्ही एका कागदावर सापडले तर तो जेमतेम सव्वा वर्षाच्या पट्ट्यातला. शहराचं नाव सरकारी कागदात 'बेळगावी' झालं १ नोव्हेंबर २०१४पासून. पैशाच्या रकान्याचीही मदत होते. आणे असतील तर १ एप्रिल १९५७च्या आधीचं छपाईकाम, 'न.पै.' म्हणजे नवे पैसे असतील तर १९५७ ते १९६४; त्यानंतर 'नवे' गळलं आणि नुसते पैसे उरले.

आजचा सगळ्यात बोलका कागद कापड दुकानाचं एक बिल. पिवळं पडलेलं, कडेला वाळवीने कुरतडलेलं. वर ठसठशीत छापलंय: किर्लोस्कर रोड, बेळगाव. त्याखाली छापील 'मुंबई राज्य', त्यावर जांभळ्या पेन्सिलीची आडवी रेघ आणि शेजारी रबरी शिक्का 'म्हैसूर राज्य'. रकान्यांवर 'रु. आ. पै.' छापलेलं, 'आ. पै.' खोडून त्याच पेन्सिलीने 'न.पै.' केलंय. लिहिलंय काय तर दोन वार मांजरपाट आणि एक टॉवेल. म्हणजे बिलबुक १९५६च्या नोव्हेंबरआधी छापलेलं आणि १९५७च्या एप्रिलनंतर वापरलेलं. छापलेली बुकं फुकट कशाला घालवायची, म्हणून मालकाने राज्य खोडलं, आणे खोडले. रस्त्याचं नाव खोडायची वेळ आली नाही.

हे बिल मोठं करून लावायचं. एवढ्या एका कागदात फलकाचं निम्मं काम झालंय.

६ जुलै, रविवार

आषाढी. अर्धी माणसं पंढरपुरात, उरलेली साबुदाण्याच्या खिचडीत. काम नाही.

१० जुलै

नाटकवाले की पंपवाले, याचा निकाल आज लावायचा होता. अध्यक्षांना नाटकवाले हवे आहेत. मखमली पडदा, ऑर्गन, तबला आणि मागे नांदी. देखावा म्हणून कुणालाही मोह पडेल.

अण्णासाहेब किर्लोस्कर म्हणजे बळवंत पांडुरंग, जन्म १८४३, आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. काही काळ त्यांनी बेळगावात नोकरी केली. १८८० साली पुण्यात त्यांनी संगीत नाटक रंगभूमीवर आणलं आणि मराठी माणसाला पुढची पन्नास वर्षं नाटक म्हणजे गाणं वाटत राहिलं. १८८५ साली ते गेले.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर, जन्म २० जून १८६९. गावही तेच गुर्लहोसूर, म्हणून तर घोटाळा. चित्रकला शिकायला मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये गेले. काही रंग त्यांना नीट ओळखू येत नव्हते, त्यामुळे रंगकाम सोडून यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले. तिथे असतानाच सायकलीचं वेड लागलं. मुंबईत सायकली घ्यायच्या आणि बेळगावला भाऊ रामूअण्णांकडे पाठवायच्या. विकणं आणि लोकांना चालवायला शिकवणं रामूअण्णांकडे. १८८८ साली हे दुकान सुरू झालं. किर्लोस्कर उद्योग आजही आपलं जन्मसाल १८८८च धरतो. कारखाना, पंप, इंजिन यातलं काही नव्हतं तेव्हाचं, बेळगावच्या सायकल दुकानाचं साल. ते दुकान ज्या रस्त्याला होतं तो किर्लोस्कर रोड.

अध्यक्षांना सालं दाखवली. "मग नाटकवाल्यांचं काय नाही?" म्हणाले. आहे की. छोटी चौकट करायची: 'हे किर्लोस्करही आपल्याच जिल्ह्याचे, पण रस्ता त्यांच्या नावाचा नाही.' पडदा आणि ऑर्गन रद्द. अध्यक्ष थोडे नाराज. माझं मत विचाराल तर सायकल जास्त चांगली; पोरं आत शिरून फोटो तरी काढतील.

१३ जुलै, रविवार

रस्त्याकडेच्या एका जुन्या घरातून खरेदीखत मिळालं. स्टॅम्पपेपर, मजकूर मोडीत. वाचायला एक निवृत्त गुरुजी आले. भिंग बरोबर, चष्म्यावर चष्मा. मोडीत अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालतात, त्यामुळे आधी हाताची लकब ओळखीची होईपर्यंत गुरुजी नुसते बघत बसतात. मग एकदम धडाधड वाचायला लागले.

आम्ही सगळे चतुःसीमेची वाट बघत होतो. खरेदीखतात मिळकतीच्या चारी बाजू सांगाव्याच लागतात, तिथे रस्त्याचं नाव सापडेल अशी आशा. गुरुजींनी वाचलं: पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस तमक्याची मोकळी जागा, उत्तरेस गटार, दक्षिणेस सरकारी रस्ता. एवढंच, 'सरकारी रस्ता'. पोरांचे चेहरे पडले.

मला मात्र हा कागद आवडला. खरेदीखत लिहिणाऱ्याला रस्त्याच्या नावाची गरजच नाही. रस्ता सरकारचा आहे, त्याच्यावर कुणाचा हक्क लागत नाही, एवढं कळलं की त्याचं काम झालं. नाव लागतं ते गिऱ्हाइकाला, टांगेवाल्याला, पोस्टमनला आणि लग्नाला येणाऱ्या पाहुण्याला. म्हणून नावं बिलांवर आणि पत्रिकांवर सापडतात, दस्तात 'सरकारी रस्ता' सापडतो. आता कागद मागताना दस्त मागायचे नाहीत. हिशेबाच्या वह्या आणि पत्रिका मागायच्या.

घरमालकांनी दस्ताचा फोटो लावायला नाही म्हटलं. भाऊबंदकीची केस सुरू आहे. रास्त आहे. नुसती चार ओळींची नक्कल, नावं गाळून, लावायची.

२० जुलै, रविवार

काँग्रेस रोड. हा फलक अर्ध्या तासात झाला, कारण इथे सगळं तारखेनिशी माहीत आहे. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ला टिळकवाडीत राष्ट्रीय काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष, आयुष्यात एवढ्या एकाच अधिवेशनाचं अध्यक्षपद त्यांनी घेतलं. पुढाकार हुदलीच्या गंगाधरराव देशपांड्यांचा. अधिवेशनाच्या जागेला नाव दिलं विजयनगर आणि पाण्यासाठी विहीर खणली, ती काँग्रेस विहीर आजही आहे. मंडप उतरला, विजयनगर हे नाव त्या जागेला चिकटलं नाही. रस्ता मात्र काँग्रेस रोड झाला. मुद्दाम दिलेलं भव्य नाव गेलं आणि 'काँग्रेस भरली होती तो रस्ता' राहिला.

त्याच टिळकवाडीत हायस्कूलचं नाव अजून ठळकवाडी. वस्तीचं नाव बदललं, शाळेने जुनं जपलं. आणि पत्ता विचारला तर तिथली माणसं यातलं काहीच सांगत नाहीत. 'दुसऱ्या रेल्वे गेटजवळ' म्हणतात.

रिसालदार गल्लीचाही मजकूर उरकला. ऑक्टोबर १८९२मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात आले तेव्हा आधी याच गल्लीत भाट्यांच्या घरी उतरले होते, मग हरिपद मित्र यांच्याकडे गेले. गल्लीला विवेकानंदांचं नाव लागलं नाही; घोडदळातल्या रिसालदाराचंच राहिलं. घराचं स्मारक झालं आहे.

२९ जुलै

नागपंचमी. कडोलीकडच्या एका शेतकऱ्याने जुना लोखंडी नांगर द्यायचं कबूल केलं होतं. नागपंचमीला जमिनीला लोखंड लावायचं नाही, आणि नांगर गोठ्याच्या मागे अर्धा मातीत रुतलेला. म्हणून आज हात लावून दिला नाही. उद्या.

३० जुलै

नांगर आला. टेम्पोतून उतरवायला चौघं लागले. दांडा लोखंडी, रुमणं लोखंडी, फाळ झिजून बोटाएवढा उरलेला. गंजाखाली ओतीव अक्षरं आहेत असं वाटत होतं. रॉकेल लावून तारेच्या ब्रशने घासलं तेव्हा आधी 'क', मग 'र'ची शेपटी आणि शेवटी पूर्ण 'किर्लोस्कर' वर आलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

याच्या फलकावर काय सांगायचं ते पक्कं झालं. लक्ष्मणराव मुंबईची नोकरी सोडून बेळगावला आले, कारण बढती त्यांना डावलून दुसऱ्याला दिली गेली होती. सायकलीनंतर त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली. ज्यांनी हा नांगर दिला ते आजोबा हे ऐकून म्हणाले, "आमच्या आज्जाबी हेच म्हनायचा. मग शेजाऱ्यानं घेतला, त्याचं पीक बघितलं, आनि गपचिप घेऊन आला."

पुढचा भाग बेळगावकराला थोडा टोचणारा. नवी वसाहत वसवण्यासाठी म्युनिसिपालिटीने कारखान्याची जागा सोडायला लावली. लक्ष्मणराव बिऱ्हाड उचलून निघाले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ ३२ एकर माळरान आणि दहा हजार रुपये कर्ज दिलं. निवडुंग आणि साप असलेल्या त्या माळावर १९१०मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. मिरज-पुणे गाडीतून जाताना त्या नावाचं स्टेशन लागतं. कारखाना गेला तो गेला. आमच्या वाट्याला रस्त्याचं नाव आलं.

खजिनदारांनी विचारलं, "हे लिवायचं? महापालिकेची परवानगी हाय मंडपाला." शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. लिहायचं.

३ ऑगस्ट, रविवार

सायकलीचं मॉडेल. मूर्तिकाराने पुढचं चाक माणसाएवढं आणि मागचं ताटलीएवढं असं चित्र काढून आणलं. दिसायला झकास, पण ते जुनं यंत्र. दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला साखळी, अशी 'सेफ्टी' सायकल इंग्लंडात १८८५पासून बाजारात होती. हवा भरलेला टायर डनलॉपने १८८८ सालीच केला, म्हणून आपल्या मॉडेलला भरीव रबर दाखवायचं. पंपही ठेवायचा नाही. एका पोराने हौसेने हवा भरायचा पंप आणून ठेवला होता, तो काढला. नाहीतर पंपवाले म्हणणारे पुन्हा सुरू.

१० ऑगस्ट, रविवार

दोन नावांच्या चौकांवर वादावादी. होणारच होती.

बोगारवेस आणि धर्मवीर संभाजी चौक, एकच ठिकाण. गोवावेस आणि बसवेश्वर सर्कल, एकच ठिकाण. कुणी म्हणालं नवं नाव मोठ्या अक्षरात लिहा, जुनं कंसात. कुणी म्हणालं जुनं खरं. तरुण पोरांपैकी एकजण तावातावाने म्हणाला, "बोगारवेस लिवलासा तर संभाजी महाराजांचा अपमान हुईल." त्यावर अप्पांनी त्याला विचारलं, "काल रिक्षा कुठं म्हणून केलीस?" तो म्हणाला, "बोगारवेस." पुढे कुणी काही बोललं नाही.

असं ठरवलं: कंस नाही, खोडणं नाही, 'जुनं-नवं' असंही म्हणायचं नाही. दोन्ही नावं सारख्या अक्षरात, आणि प्रत्येकाखाली ते कुठे वापरात आहे ते लिहायचं. बोगारवेस: रिक्षा, सिटी बस, भाजीवाली, 'कुठं हाईस' विचारणारा फोन. धर्मवीर संभाजी चौक: मिरवणुकीचा मार्ग, सभेचं हँडबिल, पोलिसांची वाहतूक सूचना, वर्तमानपत्रातली बातमी. हीच रीत हुतात्मा चौकाला आणि संयुक्त महाराष्ट्र चौकाला. ही नावं लोकांनी आठवणीसाठी ठेवली आहेत आणि १७ जानेवारीला, सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या दिवशी, ती तोंडातोंडी असतात.

कन्नड मजकूर आज पूर्ण झाला. एक सोय आपोआप आहे: बेळगावात कन्नड पाटीवरही 'गल्ली' गल्लीच असते, 'वेस' वेसच. तो करणाऱ्या मुलीने 'रोड'सुद्धा तसाच ठेवला. म्हणाली, "घरात आई कन्नडात बोलताना पण किर्लोस्कर रोडच म्हणते, मी कशाला बदलू?" आई कन्नड आहे हे आम्हाला आज कळलं. पाट्यांवर कन्नड वर आणि मोठं, हा नियमच आहे. फ्लेक्सवाल्याला मापं तशी दिली.

१७ ऑगस्ट, रविवार

फ्लेक्सचे प्रूफ आले. नेहमीप्रमाणे जोडाक्षरं फुटलेली: 'किर्लोस्कर'चा रफार 'लो'वरून उडून भलत्याच अक्षरावर बसला होता. फॉन्ट बदलून घेतला. मुख्य फलकाचा अंतिम मजकूर इथे उतरवून ठेवतो:

'किर्लोस्कर रोड. गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव आणि रामूअण्णा किर्लोस्कर या भावांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत, रामूअण्णा त्या विकत आणि लोकांना चालवायला शिकवत. दुकान या रस्त्याला होतं, म्हणून रस्ता किर्लोस्करांचा. पुढे लक्ष्मणरावांनी बेळगावातच कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवले. कारखान्याची जागा सोडावी लागल्यावर ते कुंडलला गेले आणि १९१०मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर हे त्यांच्याच गावचे, पण वेगळे.'

अध्यक्षांनी चालत चालत वाचून बघितला. दोन वेळा थांबले. 'म्हणून रस्ता किर्लोस्करांचा' हे वाक्य काढू या का, असं मी विचारलं, ते म्हणाले, "तेवढं एकच राहू दे, बाकी काढ." सगळंच ठेवलं.

२७ ऑगस्ट, बुधवार

चतुर्थी. मूर्ती बसली, फलक लागले. पावसाने एक कोपरा गळतो; नांगर तिथेच होता, त्याला काही होत नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

गर्दी. लाईन थांबते ती बिलापाशी. किर्लोस्करांपेक्षा लोकांना मांजरपाटाचा भाव वाचायचा असतो. बायका एकमेकींना दाखवतात, म्हातारे 'न.पै.' बघून हसतात आणि नातवंडांना आणा म्हणजे काय ते सांगत बसतात. मागून स्वयंसेवक ओरडतो. नांगरापाशी गावाकडून आलेले लोक थांबतात, वाकून फाळाला हात लावतात आणि कुठल्या नंबरचा आहे यावर वाद घालतात.

'ही नावं कुठे वापरता' या फलकाखाली आम्ही कोरी जागा सोडून पेन बांधून ठेवलं होतं. लोकांनी भर घातली. बोगारवेशीखाली कुणीतरी 'माहेर' लिहिलंय. धर्मवीर संभाजी चौकाखाली 'शिवजयंती'. काँग्रेस रोडखाली एका चिमुरड्या अक्षरात 'ट्यूशन'. रात्री एकाने दोन्ही भाषांतल्या शिव्या लिहिल्या, त्या व्हाइटनरने पुसल्या.

दोन कामाच्या गोष्टी मिळाल्या. एका दुकानदाराकडे आजोबांच्या हिशेबाच्या वह्या माळ्यावर आहेत, गणपती गेल्यावर दाखवतो म्हणाले. आणि एका बाईंनी 'म्हैसूर राज्य' आणि पिन दोन्ही असलेली लग्नपत्रिका पर्समधून काढून दिली. त्यांचीच. मे १९७३. तक्त्यात सव्वा वर्षाचा तो पट्टा रिकामा होता, तिथे लावली.

९ सप्टेंबर

शनिवारी कपिलेश्वर तलावावर विसर्जन झालं. आज कागद परत करायचं काम: ज्याचा त्याला, सही घेऊन. फोटो दोन पेनड्राइव्हवर. नांगर परत न्यायला आजोबांनी टेम्पोचं भाडं घेतलं नाही, पण पुढच्या वर्षी पुन्हा हवा असेल तर रॉकेल लावू नका म्हणाले, गोडेतेल लावा.

सायकलीचं मॉडेल एका दुकानदाराने किर्लोस्कर रोडवरच्या आपल्या दुकानाच्या दारात ठेवायला मागितलं, दिलं. फ्लेक्स गुंडाळून ठेवले, बोगारवेशीचा आणि बिलाचा एवढे सोडून. ते वाचनालयात लावायला विचारलंय.

पुढचं काम शहापूर. खडेबाजार, आचार्य गल्ली, कोरे गल्ली, नार्वेकर गल्ली, नाथ पै चौक अशी कच्ची यादी अप्पांकडे दिली. त्या भागात त्यांनी स्वतः कधी टपाल वाटलेलं नाही, म्हणून तिकडच्या जुन्या पोस्टमनला गाठायचं त्यांनी कबूल केलं. यावेळी आवाहनात सुरुवातीलाच लिहायचं: खरेदीखतं नकोत, साडीच्या दुकानांची बिलं आणा.